बोटं दोन्हींत सुजतात: आमवात की ल्युपस?

सकाळी मूठ वळत नाही, कणीक मळताना मनगटात कळ येते, पिळायला घेतलेला टॉवेल तसाच बादलीत सुटतो. तिशीतल्या बाईची ही तक्रार ऐकून घरचे लगेच सांगतात, "वात आहे." डॉक्टरांच्या डोक्यात मात्र दोन नावं येतात: आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिस, आणि ल्युपस. दोन्हींत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते, दोन्ही बायकांना जास्त होतात (ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका), आणि दोन्हींत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी दिली जाते. त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी बघून आपला आजार ओळखायला जाऊ नये.

आमवाताचा पुरावा बहुतेकदा हातातच सापडतो. डॉक्टर बोटांच्या मुळाशी पंजा आडवा दाबतात आणि पेशंट हात मागे खेचतो. मुठीचे उंचवटे, बोटांची मधली पेरं, मनगटं सुजतात. नखाजवळचा सांधा बहुधा सुटतो. सकाळचं आखडलेपण तासभर तरी टिकतं. आजार जुना झाला की एक्स-रेवर हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसते. ल्युपसमध्ये सांधा तितकाच ठणकला तरी हाड सहसा कुरतडलं जात नाही. काहींची बोटं आमवातासारखीच वाकडी होतात, पण तळवा टेबलावर टेकवला की सरळ! अस्थिबंध सैल झालेले असतात, हाड शाबूत असतं.

म्हणून ल्युपसची शंका आली की डॉक्टर हात सोडून भलतंच विचारू लागतात. उन्हात गेल्यावर चेहरा लाल होतो का? तोंडात, टाळूला, न दुखणारे छाले येतात का? केस पुंजक्याने गळतात का? खोल श्वास घेताना छातीत टोचतं का? लघवीला फेस येतो का? गालांवरचा लाल चट्टा नाकावरून पलीकडे जातो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी सोडून देतो. आपल्याकडे गालावर काहीही उमटलं की वांग समजून क्रीम लावण्याची घाई होते, तिथे ही घडी बघण्यासारखी आहे.

मग रक्त. एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकावर उलटलेल्या अँटिबॉडी शोधणारी रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आल्याचा रिपोर्ट हातात पडला की अर्धं घर ल्युपस झाल्यासारखं रडतं. पण १९९७ साली छापून आलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत १:८० या पातळीला, म्हणजे रक्तातला द्रव ८० पट पातळ करूनही, निरोगी माणसांपैकीही सुमारे १३ टक्के पॉझिटिव्ह निघाले होते. आमवातातही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. ल्युपसच्या २०१९ च्या युरोपीय-अमेरिकन निकषांत एएनए म्हणजे फक्त आत शिरायचा दरवाजा. पुढे १० गुण भरावे लागतात. सांध्यांना ६, डीएस-डीएनए अँटिबॉडीला (आपल्याच डीएनएवर उलटणारी) ६, लघवीतून दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रोटीन जात असेल तर ४, पांढऱ्या पेशी घटल्या तर ३. आमवाताच्या २०१० च्या निकषांत १० पैकी ६ पुरतात आणि त्यातले ५ नुसते सांधेच मिळवून देऊ शकतात. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेले आहेत. डॉक्टर त्यांचा आधार घेतात, पण निदान नुसत्या बेरजेवर करत नाहीत.

आरए फॅक्टरवरही (आमवातासाठी नेहमी तपासली जाणारी अँटिबॉडी) फार विसंबू नये, तो ल्युपसमध्येही दिसतो. अँटी-सीसीपी ही दुसरी अँटिबॉडी मात्र बऱ्यापैकी आमवाताचीच खूण. मला स्वतःला साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, जास्त बोलकी वाटते: ल्युपसमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स खाली येतात, तर भडकलेल्या आमवातात प्लेटलेट्स बऱ्याचदा वर जातात. ल्युपसमध्ये ईएसआर चढलेला आणि सीआरपी जवळपास नॉर्मल, असंही दिसतं (दोन्ही शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या). सी३, सी४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं रक्तात घटलेली असतील तर संशय आणखी वाढतो.

या दोन्हींच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. चिकुनगुन्या होऊन गेला का? त्याचे सांधे महिनोन्महिने हुबेहूब आमवातासारखे दुखू शकतात. आणि टीबीची औषधं चालू आहेत का? त्यातल्या आयसोनियाझिडने क्वचित ल्युपससारखाच आजार होतो, आणि औषध थांबवल्यावर तो बहुधा ओसरतो. (अर्थात ते थांबवायचं डॉक्टरांनी, आपण नव्हे.)

थोड्या जणींत दोन्ही आजार एकत्र नांदतात. डॉक्टर त्याला रुपस म्हणतात. ल्युपस ठरला की मात्र बोटांपेक्षा लघवीच्या बाटलीला जास्त महत्त्व येतं, कारण किडनी बिघडताना दुखत नाही. प्रोटीन सतत जात असेल तर सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात, आणि औषध किती कडक द्यायचं हे त्यावरून ठरतं.