मुलांचा सायनस, मोठ्यांचा सायनस: नाव एक, अस्तर वेगळं

चोंदलेलं नाक, शेंबूड, चेहऱ्यावरचा ठणका हे १२ आठवडे किंवा जास्त टिकलं की त्याला जुनाट सायनसायटिस, म्हणजे सायनसची (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची) जुनी सूज म्हणतात. वय कितीही असो, मुदत तीच. मात्र मोठ्यांच्या लक्षणांत वास न येणं धरतात, मुलांत त्या जागी खोकला. नाव एकच असल्यामुळे मोठ्यांच्या आजाराचे आडाखे मुलावर लावले जातात आणि घोटाळा तिथे होतो.

सायनसच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की फरक दिसतो. मोठ्यांत, विशेषतः पॉलिप (अस्तराचे लोंबणारे मऊ फुगवटे) असतील तर, अनेकदा इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची दाटी असते. त्यांतून सुटणारी प्रथिनं वरच्या पेशीथराला इजा करतात, तो जागोजागी सोलवटतो आणि त्याखालचं आधारपटल जाड होतं. पॉलिप नसलेल्या लहान मुलात पेशीथर बराचसा शाबूत, आधारपटल पातळ, आणि भरणा लिम्फोसाइट व न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा. मुलाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर मात्र इओसिनोफिल वाढलेले सापडू शकतात. वय पाहून निष्कर्ष काढू नये.

मुलांत नाकामागची टॉन्सिलसारखी गाठ, म्हणजे अ‍ॅडेनॉइड हे जंतूंचं कोठार ठरतं. त्यावर जंतूंचा चिकट थर बसतो, त्यात औषध नीट पोचत नाही आणि गोळ्या थांबल्या की त्रास परततो. अ‍ॅडेनॉइड आकारानं लहान असलं तरी हे घडतं, म्हणून एक्स-रेमधल्या आकारावर भिस्त नको. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे यांनी भागलं नाही, तर ६ वर्षांपर्यंतच्या मुलात सायनसला हात लावण्याआधी अ‍ॅडेनॉइड काढण्याचा विचार करतात.

लहान मुलाच्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप दिसले तर सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट करणारा आनुवंशिक आजार) यासाठी घामाची तपासणी टाळू नका. क्लोराइड ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा जास्त असेल, तर त्या आजाराकडे बोट जातं. या पॉलिपमध्येही बहुधा न्यूट्रोफिलच जास्त असतात.

तुकड्याचा अहवाल वाचताना एक काळजी घ्या. ४०० पट मोठ्या केलेल्या एका दृश्यक्षेत्रात १० किंवा जास्त इओसिनोफिल असतील तर आजार इओसिनोफिलांचा धरतात. पण तुकडा घेण्याआधी पोटातून स्टेरॉइड दिलं असेल तर ही संख्या घसरते. तेव्हा तपासणीच्या अर्जावर त्या औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहायलाच हवी.