जुना वस्तरा: गंजापेक्षा चमकेची भीती

जुना वस्तरा घेताना गंज पाहून नाक मुरडू नये. चमक पाहून मात्र हात आखडता घ्यावा. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडे इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या सोलिंगेनचा शिक्का असलेला वस्तरा न्हाव्याच्या जुन्या धोकटीत नाहीतर भंगारवाल्याकडे हाती लागतो. तपकिरी गंजाने माखलेला असला तर तो बहुधा वाचतो. बफिंग मशीनवर आरशासारखा चमकवलेला असला, तर त्याचे पाणी, म्हणजे तापवून आणि बुडवून पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरलेले असू शकते. गंज निघतो, उतरलेले पाणी घरी परत चढवता येत नाही.

या वस्तऱ्यांचे पोलाद साधे असते: लोखंड आणि त्यात साधारण 1 ते 1.25 टक्के कार्बन. पाते 760 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बन विरघळतो. साधारण याच टप्प्यावर पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, म्हणून लोहाराला चुंबकाने तापमानाचा अंदाज घेता येतो. मग पाते झटकन तेलात किंवा पाण्यात बुडवतात. कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो मांडणीत अडकून पडतो आणि ती ताणलेल्या अवस्थेत गोठते. ही रचना म्हणजे मार्टेन्साइट. जर्मन धातुतज्ज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून हे नाव पडले. कठीणपणा रॉकवेल सी मापावर 65 च्या आसपास जातो, पण असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा 150 ते 200 अंशांवर तापवून धरतात. थोडा कार्बन सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतो, ताण सैलावतो आणि कठीणपणा 60 ते 63 वर स्थिरावतो. वस्तऱ्याला हवा तो एवढाच.

हे दुसरे तापवणे एकाच दिशेने चालते. पाते पुढे कधीही त्याहून जास्त तापले, तर आणखी कार्बन बाहेर पडतो आणि पोलाद आणखी मऊ होते. थंड केल्याने तो परत आत जात नाही. किती तापले ते रंग सांगतो: 205 अंशांना फिकट पिवळा, 240 ला गडद पिवळा, 260 ला तपकिरी, 280 ला जांभळा, 300 च्या पुढेमागे निळा. निळ्यापर्यंत गेलेल्या भागाचा कठीणपणा 56 च्या आसपास उरतो. कोयत्याला तो पुरे, दाढीच्या धारेला नाही. हा रंग म्हणजे ऑक्साइडचा थर, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. बफिंगच्या चाकाने तो क्षणात निघून जातो; खालचा मऊपणा राहतो. चमकदार पात्यावर विश्वास ठेवू नये, तो यासाठीच.

ग्राइंडर किंवा बफ वापरूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पोट, म्हणजे पाठ आणि धार यांमधला भाग, खोलगट घासलेल्या वस्तऱ्याची जाडी धारेजवळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी उतरलेली असते. घर्षणाची उष्णता पसरायला तिथे धातूच नसतो, त्यामुळे एका सेकंदातही रंग फिरतो. मधूनमधून पाण्यात बुडवून काही साधत नाही, कारण नुकसान दोन बुडवण्यांच्या मध्ये होते. उकळत्या पाण्याने धुण्यात मात्र धोका नाही. बेळगावच्या उंचीवर पाणी शंभराच्या थोडे आतच उकळते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीत पुन्हा पाणी का पाजू नये, असे कोणी विचारील. कारखान्यात पाते जाड असताना पाणी पाजतात आणि नंतर ओल्या चाकांवर पोट खोलगट करतात. तयार पातळ धार भट्टीत घातली तर ती वाकते, लहरते, पृष्ठभागावरचा कार्बन जळतो. करपलेला भाग धारेपुरता असेल तर एक उपाय उरतो: दगडावर घासत मागे, कठीण पोलादापर्यंत जाणे.

कामाला लागण्यापूर्वी तडा पाहावा. पात्याला रॉकेल लावून पाच मिनिटांनी कोरडे पुसावे आणि खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन ओली रेघ उमटते. असे पाते सोडून द्यावे. धारेलगत काळे खोल खड्डे असतील तरीही तेच. घासताना धार त्या खड्ड्यात पोहोचते आणि तुटते. पाठीवरचे खड्डे दिसायला वाईट, पण निरुपद्रवी.

मुठीचा पितळी खिळा साधारण 1.6 मिमीचा असतो. त्याचे डोके कानशीने सपाट करून बारीक पंचने खिळा बाहेर काढावा. मुठीला कापराचा वास येत असेल तर ती सेल्युलॉइडची. कुजू लागली की ती आम्लधर्मी वाफा सोडते आणि पाते आतून खाते. शिवाय ती चटकन पेटते. कुजलेली मूठ टाकून शिसवीची बसवावी.

गंज वॉटर पेपरने, पाणी किंवा पातळ तेल लावून, हातानेच काढावा: 400, 600, 1000, 2000 अशा चढत्या क्रमांकांनी (क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक; दगडांचेही तसेच). पेपर बुचाच्या तुकड्याभोवती गुंडाळावा आणि पाठीकडून धारेकडे घासावा, धारेच्या लांबीने नाही, बोटे वाचतात. पाते सपाट लाकडावर टेकवलेले असावे. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवू नये: आम्ल चांगले पोलादही खाते आणि सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादाला ठिसूळ करतो.

धार लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकलेल्या राहतात, त्यामुळे कोन वस्तराच ठरवतो. पाठ 4.6 मिमी जाड आणि पाते 15.9 मिमी रुंद असेल तर कोन साडेसोळा अंश येतो. मागे घासत एक मिमी रुंदी गेली तर साडेसतरा. पाठीला 0.15 मिमीची चिकटपट्टी लावली तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. 1000 च्या दगडावर घाई करू नये. धारेच्या उतरणीवर मार्करची शाई लावावी. ती टोकापासून टाचेपर्यंत सारखी पुसली गेली आणि हातावरचा केस सगळीकडे तुटू लागला, तरच 4000, 8000 आणि 12000 कडे जावे. बहुतेकांची धार इथेच बिघडते आणि दोष बारीक दगडाला दिला जातो. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, 50 ते 60 फेऱ्या.

एखादा भाग दगडावर पुन्हापुन्हा धार धरतो आणि एका दाढीत मरतो, तर तिथले पाणी उतरलेले आहे असे समजावे. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की केस पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ असूनही धारेचे टवके उडवतो, आणि ते जिथे पोलादाची रचना असमान असते तिथे.

खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात उघडे पाते रात्रीत डागाळते. पुसून, वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. करडईचे तेल नको, ते काही दिवसांत चिकट होते. चामड्याच्या म्यानातही ठेवू नये. चामडे ओल धरते.