प्रकाशन समारंभ आणि वाचकभेट

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडमधले एखादे पुस्तकांचे दुकान स्थानिक लेखकाला बोलावते, तेव्हा येणारे बहुतेक जण त्या कार्यक्रमाला प्रकाशन समारंभच समजतात. कधीकधी तर दुकानदारही तसेच समजून शाल-श्रीफळ आणून ठेवतो. दोन्हीकडे लेखक, पुस्तक आणि खुर्च्या असल्या, तरी या दोन प्रसंगांची कामे वेगळी आहेत.

प्रकाशन समारंभात पुस्तक आल्याचे जाहीर केले जाते. कागदात बांधलेल्या प्रती पाहुणे उघडतात, भाष्यकार बोलतात, लेखक मनोगत मांडतो आणि आभारप्रदर्शन होते. त्या क्षणी भाष्यकार व लेखकाचे काही स्नेही वगळता सभागृहात कोणीही ते पुस्तक वाचलेले नसते, त्यामुळे प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला तरी विचारण्यासारखे काही कोणापाशी नसते. यात गैर काहीच नाही. 1943 साली स्थापन झालेल्या मराठवाडा साहित्य परिषदेसारख्या संस्थेच्या व्यासपीठावर असा सोहळा शोभतोही.

वाचकभेट मात्र पुस्तक वाचून झाल्यावरची गोष्ट आहे. म्हणून दुकानदाराने प्रती निदान महिनाभर आधी मागवून नेहमीच्या गिऱ्हाइकांना आवर्जून दाखवाव्यात आणि भेट त्यानंतर ठेवावी. मराठवाड्यातल्या अनेक लेखकांची पुस्तके पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडून निघतात व तिथेच प्रकाशित होतात. अशा लेखकाच्या बाबतीत ही भेटच त्याच्या गावाकडच्या वाचकांशी पहिली गाठ ठरते. कादंबरीतला दुष्काळ ज्याने स्वतः सोसला आहे, त्याने समोर बसून ‘छावणीचे वर्णन आमच्या तालुक्याला लागू पडत नाही’ असे म्हटले, तर लेखकाला जे उत्तर द्यावे लागते ते कोणत्याही मनोगतात ऐकायला मिळत नाही. येथे अध्यक्ष नको आणि सूत्रसंचालकाच्या चारोळ्या तर मुळीच नकोत. पुस्तक वाचलेला एखादा माणूस संवादक म्हणून पुरे. तो सुरुवातीचे दोन-तीन प्रश्न विचारून बाजूला झाला की पुढचे वाचकच सांभाळतात.

पैशाचा हिशेबही निराळा आहे. समारंभात सभागृहाचे भाडे आणि अल्पोपाहार यांचा भार पुष्कळदा लेखकावरच पडतो, शिवाय पाहुण्यांना भेटप्रती द्याव्या लागतात. दुकानात जागा आयतीच असते आणि दुकानदाराची कमाई विक्रीवरच्या कमिशनमधून होते. त्यामुळे लेखकाने तिथे ओळखीपाळखीच्यांना फुकट प्रती वाटणे म्हणजे यजमानाचेच नुकसान करणे होय. स्वाक्षरी विकत घेतलेल्या प्रतीवर करावी. घरून आणलेल्या जुन्या प्रतीवरही आनंदाने करावी, कारण ती बहुधा वाचलेली असते.

तारखेबाबत एवढेच, की 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन समारंभांसाठी सोडून द्यावा, कारण त्या दिवशी लेखकांना शाळा-महाविद्यालयांची आमंत्रणे असतात. 23 एप्रिलचा जागतिक ग्रंथ दिन दुकानाला साजेसा आहे. मात्र तेव्हाचे आपल्याकडचे ऊन आणि लग्नसराई पाहता कार्यक्रम संध्याकाळी सातनंतरच ठेवावा.