वीज कंपनीतील जुनी दूरसंचार उपकरणे बदलण्याचा प्रस्ताव: पात्रता, कागदपत्रे आणि मंजुरीची वाट

उपकेंद्रातले दूरसंचार पॅनेल बंद पडले म्हणून गावातले दिवे जात नाहीत. त्यामुळेच ते बदलण्याचा प्रस्ताव ट्रान्सफॉर्मर आणि ब्रेकरच्या (लाइन तोडणाऱ्या-जोडणाऱ्या स्विचच्या) मागे ढकलला जातो. पण लाइनच्या दोन टोकांचे रिले (दोष ओळखून ब्रेकरला उघडायला सांगणारी उपकरणे) एकमेकांशी बोलतात ते याच पॅनेलमधून. नियंत्रण कक्षाला ब्रेकरची स्थिती कळते ती याच वाटेने, आणि सगळी ग्रिड अंधारात गेल्यावर ऑपरेटरांना एकमेकांचा आवाज ऐकवणारी हॉटलाइनही हीच. पीएलसीसी (वीजवाहिनीवरूनच संदेश पाठवणारी यंत्रणा), जुने पीडीएच-एसडीएच मल्टिप्लेक्सर (अनेक चॅनेल एकाच वाटेवर एकत्र पाठवणारी उपकरणे), मायक्रोवेव्ह रेडिओ, सिरीयल मोडेम, आरटीयू (उपकेंद्राची माहिती नियंत्रण कक्षाला पाठवणारे युनिट) असे काहीही बदलायचे असले तरी अर्जाची रचना जवळपास सारखीच असते. फॉर्मची आणि विभागांची नावे प्रत्येक कंपनीत वेगळी असतील, पण तपासणारा अधिकारी विचारतो ते प्रश्न वेगळे नसतात.

असे प्रस्ताव बहुतेक वेळा एकाच शेऱ्याने परत येतात: "उपकरण चालू स्थितीत आहे, बदलण्याचे कारण स्पष्ट करावे." हा शेरा टाळायचा असेल तर प्रस्ताव उपकरणाबद्दल लिहू नका, त्यावरून चालणाऱ्या सेवांबद्दल लिहा. पुढची सगळी माहिती या एका गोष्टीभोवती आहे.

पात्र काय ठरते

नुसते वय हा निकष पुरत नाही. वीस वर्षांचा पीएलसीसी संच सुटे भाग हाताशी असतील तर नीट चालतो. उलट आठ वर्षांच्या राउटरला सुरक्षा अद्यतने मिळणे थांबले असेल, तर तो यादीत त्याच्या वर जायला हवा. तपासणाऱ्याला मान्य होणारी कारणे साधारण चार प्रकारची असतात.

पहिले, उत्पादकाने साथ सोडलेली असणे. यासाठी उत्पादकाचे लेखी पत्र लागते. त्यात शेवटची मागणी कधी स्वीकारणार आणि दुरुस्ती कधी थांबणार, या दोन्ही तारखा असाव्यात. विक्री प्रतिनिधी तोंडी काय म्हणाला, याला फाइलमध्ये किंमत नाही. पत्रासोबत भांडारातील सुट्या कार्डांची मोजणी आणि गेल्या काही वर्षांत दरवर्षी किती कार्डे लागली, हे जोडा. शिल्लक साठा किती काळ पुरेल हे त्यातून आपोआप दिसते, वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही.

दुसरे, वाटच बंद होत असणे. अनेक कंपन्यांची आरटीयू आणि मीटर दूरसंचार कंपनीच्या भाड्याच्या तांब्याच्या लाइनवर किंवा जुन्या मोबाइल नेटवर्कवर चालतात. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्राचे टूजी २०१६ च्या डिसेंबरात आणि थ्रीजी २०२४ च्या ऑक्टोबरात गेले. ब्रिटनमधील जुन्या टेलिफोन जाळ्यासाठी जानेवारी २०२७ ची मुदत ठरलेली आहे. अशी सूचना तुमच्या भागात आली असेल तर तिची प्रत हे सर्वांत बळकट कागदपत्र आहे, कारण त्यातली तारीख तुमच्या हातात नसते.

तिसरे, सुरक्षेतील उणीव. इथे २३ डिसेंबर २०१५ चा युक्रेनमधील हल्ला आठवावा. तीन वितरण कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी ब्रेकर उघडले, इतकेच नाही, तर उपकेंद्रांतील सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचे (जुनी सिरीयल उपकरणे नेटवर्कला जोडणाऱ्या पेट्यांचे) फर्मवेअरही, म्हणजे अंगभूत सॉफ्टवेअरही, बिघडवून टाकले. त्यामुळे नियंत्रण कक्षातून ब्रेकर परत जोडता येईना आणि कर्मचाऱ्यांना उपकेंद्रांवर जाऊन हाताने पुरवठा सुरू करावा लागला. पॅनेलच्या कोपऱ्यात बसवलेली ही कन्व्हर्टरची लहानशी पेटी कित्येक ठिकाणी मालमत्ता नोंदवहीत सापडतही नाही. ज्या उपकरणाचा पासवर्ड बदलता येत नाही, ज्याचे फर्मवेअर पडताळता येत नाही किंवा ज्यावर कोण कधी आले याची नोंद राहत नाही, ते उपकरण वय कितीही असो, पात्र धरावे.

चौथे, नव्या गरजा जुन्या उपकरणाला न झेपणे. रिले बदलून आयईसी ६१८५० या नव्या संवाद-मानकावर आले, पण नियंत्रण कक्षाशी होणारा संवाद अजून आयईसी ६०८७०-५-१०१ या जुन्या मानकाच्या सिरीयल चॅनेलवरच आहे, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी असते. उपकेंद्रातील जीपीएस घड्याळेही याच गटात येतात. जीपीएसचा जुना आठवडा-क्रमांक १० बिटांचा असल्याने दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तसे झाले, आणि काही जुने रिसीव्हर त्यांच्या फर्मवेअरनुसार पुढच्या एखाद्या तारखेलाही चुकू शकतात. घड्याळ चुकले की दोषाच्या नोंदींचा क्रम लावता येत नाही.

अपात्र काय, तेही सांगायला हवे. एक कार्ड किंवा एक पॉवर सप्लाय जळाला असेल तर ते देखभालीच्या खर्चातून करायचे काम आहे, भांडवली प्रस्तावातून नाही. केवळ बँडविड्थ वाढवायची असेल तर तो विस्तार ठरतो, त्याचे लेखाशीर्ष वेगळे. आणि तेच उपकेंद्र दुसऱ्या योजनेत आधीच धरलेले असेल तर प्रस्ताव हमखास परत येईल, म्हणून नियोजन विभागाकडून तसे नसल्याचा दाखला आधीच घ्यावा.

अर्ज कोणी करायचा

उपकरण ज्यांच्या मालमत्ता नोंदवहीत आहे, त्या विभागाने. बहुधा तो दूरसंचार विभाग असतो, पण त्याच्या एकट्याच्या सहीने काम पुढे सरकत नाही. संरक्षण, स्काडा (नियंत्रण कक्षातून उपकेंद्रे पाहण्याची व चालवण्याची यंत्रणा), प्रचालन आणि सायबर सुरक्षा या चौघांची लेखी सहमती लागते. लिंकचे दुसरे टोक दुसऱ्या कंपनीच्या उपकेंद्रात असेल तर त्यांचे संमतीपत्र सगळ्यांत आधी मागवा. एका टोकाची निविदा निघाली आणि दुसऱ्या टोकाच्या मालकाने अजून विचारच केलेला नाही, असे झाले तर नवे पॅनेल खोक्यातच राहते आणि त्याची वॉरंटी मात्र संपत जाते.

कागदपत्रे

उत्पादकाचे पत्र, सुट्या भागांची मोजणी, बिघाडांची नोंद, मालमत्ता नोंदवहीतील उतारा व शिल्लक पुस्तकी किंमत, सध्याची आणि प्रस्तावित रेखाचित्रे, अंदाजपत्रक, पर्यायांची तुलना आणि सहमतीपत्रे असा संच लागतो. पर्यायांच्या तुलनेत "काहीच न करणे" हा पर्यायही किंमत आणि जोखमीसह मांडा. बिघाडांच्या नोंदीत नुसती संख्या देऊ नका, त्या वेळी कोणती सेवा किती वेळ बंद होती ते लिहा.

यातले खरे वजनदार कागदपत्र म्हणजे सेवांची नोंदवही, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी अद्ययावत नसते. प्रत्येक उपकरणाच्या प्रत्येक पोर्टवर काय आहे, हे प्रत्यक्ष उपकेंद्रात जाऊन, केबल हाताने माग काढत लिहावे लागते. रेखाचित्रावर विसंबू नका. पोर्टनिहाय सेवा, दोन्ही टोके, इंटरफेस, वेग, सहन होणारा विलंब, पर्यायी मार्ग आणि सेवा बंद पडल्यास होणारा परिणाम, एवढे रकाने पुरतात. वापरात नसलेले वाटणारे पोर्ट 'रिकामे' असे लिहून सोडू नका, संबंधित विभागाला विचारून तसे लेखी घ्या. वर्षातून एखाद्याच वेळी वापरला जाणारा ट्रिप चॅनेलही (ब्रेकर उघडण्याचा आदेश नेणारा चॅनेल) बाकीच्या काळात शांतच दिसतो.

विलंबाच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. लाइन डिफरेन्शियल संरक्षणात दोन्ही टोकांचे रिले एकमेकांना प्रवाहाची मापे पाठवतात आणि जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजून त्याचा निम्मा एका बाजूचा धरतात. जीपीएसच्या वेळेवर न चालणाऱ्या रिलेसाठी हा हिशेब तेव्हाच बरोबर येतो, जेव्हा दोन्ही दिशांचा विलंब सारखा असतो. समजा नव्या जाळ्यात एक दिशा छोट्या मार्गाने आणि दुसरी लांबच्या मार्गाने गेली आणि २ मिलिसेकंदांचा फरक पडला. रिलेचा अंदाज १ मिलिसेकंदाने चुकेल. ५० हर्ट्झच्या ग्रिडवर १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश, आणि तेवढ्या कोनामुळे लाइन पूर्ण निरोगी असतानाही रिलेला भारप्रवाहाच्या सुमारे ३१ टक्के खोटा फरक दिसतो. भार जास्त आणि सेटिंग संवेदनशील असेल तर लाइन विनाकारण ट्रिप होऊ शकते. ऑप्टिकल फायबरमधला विलंब किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद, म्हणजे अंतराचा दोष इथे फार नसतो. खरा धोका मार्ग बदलण्याचा आणि पॅकेट साठवणाऱ्या बफरचा. म्हणून एमपीएलएसवर (पॅकेटवर चालणाऱ्या नव्या जाळ्यावर) जाताना "दोन्ही दिशा कायम एकाच मार्गाने जातील" ही अट तांत्रिक विनिर्देशात शब्दशः घाला. आयईसी ६०८३४-१ नुसार टेलिप्रोटेक्शनच्या (दोन टोकांच्या रिलेंमध्ये ट्रिपचे आदेश पोचवणाऱ्या यंत्रणेच्या) चाचण्या आणि उपकेंद्रातील विद्युत-चुंबकीय वातावरणासाठी आयईसी ६१८५०-३ ची पूर्तता हीसुद्धा अट म्हणून हवी. कार्यालयात वापरायचा स्विच ४०० केव्हीच्या स्विचयार्डाशेजारी टिकत नाही.

बॅटरीचे गणित बहुतेक जण शेवटी करतात, ते आधी करा. दूरसंचारासाठी ४८ व्होल्टचा, धन टोक जमिनीशी जोडलेला (अर्थिंग केलेला) बॅटरी संच असतो. बदलाच्या काळात जुनी आणि नवी उपकरणे एकत्र चालतात, त्यामुळे भार काही महिने जवळजवळ दुप्पट होतो. चार्जरला तो झेपेल का, हे लेखी दाखवा. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली की ती बदलायची असे धरले जाते, म्हणून नवी बॅटरी निवडताना गणितात १.२५ चा गुणक घ्यावा लागतो. किती तासांची साठवण हवी, हे नेहमीच्या खंडावरून ठरवू नका. ग्रिड पूर्ण कोसळल्यावर ती शून्यातून उभी करायला जितका वेळ लागेल, तितका वेळ हॉटलाइन आणि स्काडा जिवंत राहायला हवेत. त्या काळात मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरत असतात.

रेडिओ असेल तर

मायक्रोवेव्ह किंवा यूएचएफ रेडिओ बदलताना देशाच्या स्पेक्ट्रम प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज लागतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची व दिशा, प्रक्षेपित शक्ती, चॅनेलची रुंदी आणि मार्गाचा उभा छेद ही त्याची मुख्य माहिती. छेदात पहिल्या फ्रेनेल झोनचा (दोन अँटेनांच्या सरळ रेषेभोवतीच्या लंबगोल पट्ट्याचा) किमान ६० टक्के भाग मोकळा दाखवावा लागतो. जुन्या सर्वेक्षणानंतर तिथे झाडे वाढलेली किंवा इमारती उभ्या राहिलेल्या असतात, म्हणून नवे सर्वेक्षण करा. टॉवर उंच होत असेल तर विमान वाहतूक विभागाची परवानगीही लागू शकते. नवी लिंक स्थिर होईपर्यंत जुना परवाना परत करू नका, पण त्या परवान्याची मुदत आणि शुल्क यांवर लक्ष ठेवा.

मंजुरी ते कार्यारंभ

तांत्रिक मंजुरी, मग अंदाजपत्रकाला प्रशासकीय मंजुरी, मग जिथे भांडवली खर्च वीजदरात धरला जातो तिथे नियामकाची मान्यता, आणि त्यानंतर निविदा असा हा क्रम. नियामकापुढे जाताना ग्राहकाला काय मिळणार हे साध्या भाषेत सांगावे लागते, आणि इथे सेवांची नोंदवही पुन्हा उपयोगी पडते. निविदेत कारखान्यातील चाचणी, किमान किती वर्षे सुटे भाग व सुरक्षा अद्यतने मिळतील याची हमी आणि तुमच्या माणसांचे प्रशिक्षण या तीन गोष्टींवर तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे. किंमत कमी करायची वेळ आली की प्रशिक्षणालाच पहिली कात्री लागते, आणि मग पहिल्या बिघाडापासून सगळे विक्रेत्याच्या फोनवर अवलंबून राहते.

प्रत्यक्ष बदलासाठी प्रचालन विभागाकडे आउटेजचा (नियोजित बंदचा) वेगळा अर्ज करावा लागतो. टेलिप्रोटेक्शन बंद असताना लाइनच्या दूरच्या टोकाजवळचा दोष ताबडतोब न तुटता झोन-२ च्या (रिलेच्या मुद्दाम उशिरा चालणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या) वेळेने, म्हणजे साधारण ३०० ते ५०० मिलिसेकंदांनी तुटतो. तेवढा वेळ ग्रिडला परवडेल का, हे प्रचालन ठरवते. त्यामुळे अर्जात कोणती सेवा कधी व किती वेळ बंद राहील, पर्यायी संरक्षण कोणते आणि काम फसल्यास किती वेळात जुन्या स्थितीत परतता येईल, हे तिन्ही लिहा. ज्या लाइनवर दोन मुख्य संरक्षणे आहेत तिथे एकाच दिवशी दोन्ही हलवू नका. आधी एक, काही दिवस निरीक्षण, मग दुसरे. क्रम लावताना सुरुवात आवाजाच्या आणि माहितीच्या सेवांपासून, मग स्काडा, आणि संरक्षण सगळ्यांत शेवटी.

स्काडाची चाचणी प्रत्येक बिंदूची घ्यावी: उपकेंद्रातील प्रत्येक ब्रेकर, आयसोलेटर आणि अलार्म प्रत्यक्ष बदलून नियंत्रण कक्षात तोच दिसतो का ते पाहायचे. नमुन्यादाखल दहा बिंदू तपासून सही देण्याचा मोह होतो. पण एखाद्या बिंदूचा पत्ता एका अंकाने सरकला तर ऑपरेटर शेजारचा ब्रेकर उघडेल.

जुने उपकरण काढताना

निर्लेखनाच्या (नोंदवहीतून उपकरण वगळण्याच्या) प्रस्तावाला शिल्लक पुस्तकी किंमत, उपकरणाचे क्रमांक आणि सेवा पूर्ण हलवल्याचा संरक्षण व स्काडा विभागांचा दाखला जोडावा. चालू स्थितीतील कार्डे भंगारात देऊ नका. तोच संच अजून ज्या उपकेंद्रांत आहे, त्यांच्यासाठी भांडारात घ्या. उपकरणातील कॉन्फिगरेशन, पासवर्ड आणि नेटवर्कचे पत्ते पुसल्याची नोंद सहीसह ठेवा. शिशाच्या बॅटऱ्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार अधिकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हव्यात.

पीएलसीसी काढताना यार्डातील जुना कपलिंग कपॅसिटर (संदेश लाइनवर चढवणारा भाग) विसरला जातो. फार जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी या घातक रसायनाचे तेल असू शकते. स्टॉकहोम करारात अशा उपकरणांचा वापर थांबवण्यासाठी २०२५ आणि त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावण्यासाठी २०२८ ही वर्षे ठरलेली आहेत. उत्पादकाची पाटी तपासा, शंका असल्यास तज्ज्ञांकडून तेलाची चाचणी करून घ्या आणि अहवाल येईपर्यंत तो कपॅसिटर फोडू किंवा लिलावात काढू नका. वेव्ह ट्रॅप (संदेश उपकेंद्राकडे भरकटू न देणारी गुंडाळी) मात्र लाइनच्या वाहकात मालिकेत बसलेला असतो, त्यामुळे तो काढायला लाइनचे स्वतंत्र आउटेज लागते. ते पुढच्या वार्षिक देखभालीच्या आउटेजमध्येच मागून घ्या.