रिएका ते दुब्रोव्हनिक सायकल सफर: नाव नोंदवण्याआधी वाचा

स्पेनमधल्या कादिसपासून सायप्रसपर्यंत भूमध्य समुद्राच्या काठाने जाणारा युरोव्हेलो 8 हा सायकलमार्ग सुमारे 7,500 किलोमीटरचा आहे. तो सगळा करायचा तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल. आम्ही त्यातला क्रोएशियाचा टापू निवडला आहे. एड्रियाटिक समुद्राच्या कडेने, मध्ये दोन बेटं आणि एक द्वीपकल्प घेत, उत्तरेकडून दक्षिणेकडे 550 ते 600 किलोमीटर. रोज साधारण 50 ते 80.

'किनारा म्हणजे सपाट' असं समजून येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी घाम फुटतो. दापोली, गुहागर, गणपतीपुळे या बाजूला सायकल चालवली असेल, तर अंदाज येईल: मोठा घाट एकही नाही, पण खाडीपाशी उतरा, पुन्हा चढा, असं दिवसभर चालू. सफरीआधी दोन महिने आठवड्यातून एकदा तरी चढावर, सामान लादून चालवा. सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन पोहे खाऊन परत येणं यात धरू नका.

उत्तरेकडूनच का?

याला दोन कारणं आहेत. क्रोएशियात वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना आपण सतत समुद्राच्या बाजूला असतो. फोटोसाठी थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. दुसरं कारण वाऱ्याचं. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून 'माएस्त्राल' नावाचा समुद्री वारा सुटतो आणि तो आपल्या पाठीवर येतो.

पण खरी काळजी घ्यायची ती 'बुरा'ची. वेलेबित डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा हा थंड, कोरडा वारा आहे. सलग वाहत नाही, धक्के देतो. सेन्य आणि कार्लोबागच्या बाजूला आणि पाग बेटाच्या पुलावर त्याचा जोर सगळ्यात जास्त; हिवाळ्यात तिथे ताशी 200 किलोमीटरच्या वर झोत नोंदले गेले आहेत. मे, जून आणि सप्टेंबरमध्ये तो क्वचित येतो, आला तरी लवकर ओसरतो. म्हणूनच आमच्या सफरी याच महिन्यांत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि कॅरॅव्हॅनची रांग, दोन्ही नकोसं होतं. वेलेबितच्या माथ्यावर ढगाची पांढरी गादी बसलेली आणि खाली आकाश लख्ख निळं दिसलं, की बुरा येतोय असं तिथले लोक समजतात. अशा दिवशी आम्ही सायकली व्हॅनमध्ये चढवतो. 'मी सांभाळून चालवेन' हे त्या दिवशी चालणार नाही.

याच वाऱ्याने पाग बेटाची डोंगराकडची बाजू पांढरी, उघडी ठेवली आहे. समुद्राचं खारं पाणी उडून दगडांवर बसतं, झाड तग धरत नाही. जी चार खुरटी झुडपं उगवतात, ती मेंढ्या खातात. पागचं प्रसिद्ध चीज त्यांच्याच दुधाचं.

रस्ता

रिएका ते सेन्य आणि पुढे प्रिझ्नापर्यंत जुना किनारी महामार्ग, तिथून फेरीबोटीने पाग. 2005 मध्ये झाग्रेबहून येणारा मोटारमार्ग स्प्लिटपर्यंत पोहोचला आणि लांब पल्ल्याची बरीच वाहनं या रस्त्यावरून तिकडे गेली. तरी रस्त्याला कडेची पट्टी अनेक ठिकाणी नाही. एकामागे एक चालायचं, मागचा दिवा दिवसाही चालू. सेन्यच्या पुढे वस्ती तुरळक आणि चुनखडीचा डोंगर पाऊस पिऊन टाकतो, त्यामुळे वाटेत पाण्याची आशा धरू नका. माणशी 3 लिटर बरोबर हवंच.

पुढे झादार, शिबेनिक, स्प्लिट. स्प्लिटमध्ये एक दिवस विश्रांती. सम्राट डायोक्लिशियनच्या राजवाड्यात आजही लोक राहतात, भिंतींच्या आत दुकानं आहेत, कपडे वाळत असतात. त्यानंतरचा ओमिशचा रस्ता गर्दीचा, म्हणून आम्ही ब्राच बेटावरून जातो आणि सुमार्टिनहून बोटीने माकार्स्काला उतरतो.

व्हिसा

1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो आहे. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. मेख नेऊमला आहे. तिथे किनाऱ्याचा छोटासा पट्टा बोस्नियाचा आहे आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर तिथे शिरलात, तर पलीकडे परत क्रोएशियात येता येणार नाही. म्हणून आम्ही प्लोचेहून बोटीने त्रपान्यला जातो आणि पेल्येशात्स द्वीपकल्पावरून स्तोनमार्गे दुब्रोव्हनिक गाठतो. नेऊम टाळून पेल्येशात्सला जाणारा, 2022 मध्ये झालेला पूल मोटारींसाठी ठीक आहे, आपल्यासाठी बोटच बरी.

सायकल आणि सामान

स्वतःची सायकल आणणार असाल तर खोका आमच्याकडून घ्या, पॅकिंग आम्ही शिकवतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावल्याने क्रँक (पेडलचे दांडे) खराब झालेले आम्ही पाहिले आहेत. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून कापडात गुंडाळा, डिस्क ब्रेकच्या फटीत पुठ्ठा घाला. डिरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, जादा आणाच. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि तिथल्या गावात मिळेल याचा भरवसा नाही. टायर 32 मिलिमीटर किंवा जाड. रिकामे खोके आमची व्हॅन दुब्रोव्हनिकला पोहोचवते.

ई-बाईक भारतातून नेता येत नाही. 160 वॉट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत आणि ई-बाईकची त्याहून बरीच मोठी असते. हवी असल्यास तिथे भाड्याने देऊ, पण नोंदणीच्या वेळीच सांगा.

साजूक तूप, पनीर, खवा बॅगेत भरू नका; युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे चालतात. शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही: सकाळी बेकरीत चीजचा बुरेक, रात्री बटाटा घातलेली पालकासारखी भाजी 'ब्लित्वा', पिझ्झा तर सगळीकडे. जैन जेवण मात्र आम्ही कबूल करत नाही.

शुल्कात राहणं, न्याहारी, फेरीबोटींची तिकिटं आणि सामानाची व्हॅन येते. विमानभाडं, व्हिसा, विमा, दोन वेळचं जेवण आणि फुटलेल्या स्पोकचा खर्च तुमचा. तंबू ठोकायचा विचार असेल तर तो अधिकृत कॅम्पिंगच्या जागेतच. किनाऱ्यावर कुठेही मुक्काम टाकायला तिथे बंदी आहे, दंड होतो.

व्हिसाच्या भेटीची तारीख मिळायला वेळ लागतो. मेच्या सफरीसाठी जानेवारीअखेर पासपोर्टची प्रत आमच्या दुकानात आणून द्या.