पारसिकच्या उतारापासून लक्ष्मी द्रोणीपर्यंत

अरबी समुद्राच्या तळाचा नकाशा उघडला की नजर आधी कार्ल्सबर्ग या समुद्राखालच्या डोंगररांगेवर जाते. 1962 साली तिथे झालेल्या चुंबकीय मोजणीमुळे समुद्रतळ पसरतो या कल्पनेला पुढच्याच वर्षी भक्कम आधार मिळाला. ठाणे-नवी मुंबईकरांसाठी मात्र ही गोष्ट घराजवळ, पारसिकच्या डोंगरात सुरू होते. सह्याद्रीत आडवे पसरलेले लाव्ह्याचे थर इथे पश्चिमेकडे कललेले आहेत. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या या वाकाला भूशास्त्रात पनवेलचेच नाव आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, त्यानंतर आज सेशेल्स बेटे असलेला तुकडा भारतापासून सुटला आणि किनारा समुद्राकडे झुकला. वाक नेमका कसा पडला यावर एकमत नाही, पण वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडे याच कमकुवत पट्ट्याशी जोडली जातात.

पुढे समुद्रबूड जमीन, म्हणजे मंच, लागते. मुंबईसमोर ती जवळपास 300 किलोमीटर रुंद आहे. 1974 मध्ये तेल सापडलेले बॉम्बे हाय हा तिचाच भाग. तेलामुळे उथळ तळ बारकाईने तपासला गेला, खोल तळ मागे राहिला.

खरा घोळ त्या खोल तळावर आहे. मंच संपल्यावर लक्ष्मी द्रोणी, म्हणजे तळावरचा मोठा खोलगट भाग, तिच्या पलीकडे लक्ष्मी रांग. मराठीत या द्रोणीला सर्रास ‘खोरे’ म्हटले जाते. तिथे नदी नाही, त्यामुळे शब्द दिशाभूल करतो. मूळ वाद मात्र भाषांतराचा नाही. ही रांग पाण्याखाली उंच उठलेली असूनही तिच्यावर गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरते. म्हणजे खाली हलका, जाड खडक असावा. त्यावरून 1980 च्या दशकात ती भारतापासून तुटलेली खंडाची चिरफळी ठरवली गेली. मग चिरफळी आणि भारत यांच्यामध्ये काय आहे? काहींच्या मते ताणून पातळ झालेला खंडच. काहींच्या मते तिथे सेशेल्स सुटण्याआधी एक छोटा समुद्र उघडला आणि पुरता रुंदावण्याआधीच थांबला. द्रोणीच्या मध्यातून जाणाऱ्या रामन, पणिक्कर आणि वाडिया या सागरी पर्वतांची ओळ दोन्ही बाजू आपापल्या पुराव्यात धरतात.

2015 मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या जहाजाने याच द्रोणीत साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्यात तळाला भोके पाडली. एका भोकात सुमारे 1,100 मीटर गाळाखाली बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक, लागला. वाद तिथे मिटायला हवा होता, उलट त्याला तिसरी वाट फुटली. खडकाची रासायनिक ठेवण पाहून काही अभ्यासकांनी इथे समुद्रतळाचा एक भाग दुसऱ्याखाली सरकू लागला होता असे मांडले. मला छोट्या समुद्राची बाजू अधिक पटते. तरी काही मीटर बेसाल्टवर एवढ्या मोठ्या द्रोणीचा निकाल देणे घाईचे आहे, आणि मराठी नकाशांत तिथे ठाम रेषा ओढली जाते हे खटकते. भारताचा कडा कुठे संपतो हा प्रश्न अजून खुला आहे.

त्याच भोकांत एक थक्क करणारी गोष्टही मिळाली. शेकडो मीटर जाडीचा, विस्कटलेला गाळ. सुमारे 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या उतारावरून कोसळलेला हा ढिगारा ‘नटराज’ नावाने ओळखला जातो. भूपट्ट एकमेकांना भिडत नाहीत अशा शांत किनाऱ्यांवरच्या, आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या दरडींत तो गणला जातो. उथळ पाण्यात तयार झालेल्या चुनखडीचे तुकडे त्याच्यात सापडले. त्याच्यावर सिंधू नदीने हिमालयाची माती आणून टाकली.

तळाच्या मानाने वरच्या पाण्यातल्या प्रवाहांबद्दल नोंदी जुन्या आहेत, कारण गलबतांना त्यांची गरज होती. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी दक्षिणेकडे वाहते आणि खालचे, प्राणवायू कमी असलेले पाणी मंचावर चढते. गोवा-कर्नाटकाकडे त्याचा जोर पावसाळा सरताना जास्त असतो. हे पाणी मुळात सुमारे 150 ते 1,000 मीटर खोलीवरच्या, जगातल्या मोठ्या, प्राणवायू अत्यल्प असलेल्या पट्ट्यांपैकी एकातले. हिवाळ्यात प्रवाह उलटतो आणि बंगालच्या उपसागरातले कमी खारट पाणी केरळला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे येऊ लागते.