दाची (कराटेतील पवित्रे)

दाची : कराटेत उभे राहण्याच्या ठरावीक पद्धती. मर्दानी खेळात ज्याला पवित्रा म्हणतात, तीच ही गोष्ट. मूळ जपानी शब्द ‘ताची’, म्हणजे उभे राहणे. जोडशब्दात त्याचा उच्चार ‘दाची’ होतो. ही नोंद मुख्यतः शोतोकान शैलीला धरून आहे. शैली बदलली की लांबी, रुंदी आणि पावलांचे कोन थोडे बदलतात.

शिकवणीची सुरुवात साध्या उभ्या पवित्र्यांपासून होते. पावले जुळवली की हेइसोकु-दाची. टाचा जुळवून चवडे उघडले की मुसुबी-दाची. वाकून नमस्कार (रेइ) करतात तो यातच. पावलांत खुब्यांइतके अंतर आणि चवडे किंचित बाहेर ठेवले की हाचीजी-दाची. यांत फारसे चुकत नाही. खरी मेहनत पुढच्या तीन पवित्र्यांत आहे.

झेनकुत्सु-दाचीत पुढचा पाय वाकलेला व मागचा ताठ असतो. वजन पुढे साधारण ६० टक्के, मागे ४० टक्के. मध्यम उंचीच्या प्रौढाला दोन्ही पावलांतली लांबी सुमारे ८० सेंमी आणि रुंदी ३० ते ३५ सेंमी पुरते. मुलांनी स्वतःच्या खांद्यांची रुंदी मोजून त्याच्या दुप्पट लांबी घ्यावी. पुढची नडगी उभी हवी. गुडघ्यातून ओळंबा सोडला तर तो अंगठ्याच्या मुळाशी पडावा. मागचे पाऊल शक्य तितके पुढे वळवायचे, ते सुमारे ३० अंशांवर थांबते. ते आडवेच राहिले तर कंबर समोर वळत नाही. तरीही ती जोराने वळवली की पीळ मागच्या गुडघ्यात उतरतो.

शिकणाऱ्यांचे सगळे लक्ष लांबीवर असते, पण हातून निसटते ती रुंदी. दोन्ही पावले दोरीवर चालल्यासारखी एका रेषेत आली की पवित्रा कितीही खोल दिसला तरी तो पोकळच. ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, मारताना कंबर वळते आणि शरीर बाजूला कलते. तपासायला सोपे आहे : जोडीदाराने खांद्याला बाजूने हलका धक्का द्यावा. रुंदी कमी असेल तर पाऊल लगेच उचलले जाते. ठोशाच्या मुठीवर समोरून दाब दिल्यावर मागची टाच उठत असेल, तर लांबी जास्त झाली आहे किंवा घोटा पुरेसा वाकत नाही. तेव्हा पवित्रा आखूड करावा. टाच उचलून खोली वाढवण्यात काही साधत नाही.

किबा-दाची, म्हणजे घोडेस्वाराचा पवित्रा. वजन दोन्ही पायांवर निम्मे निम्मे, अंतर साधारण खांद्यांच्या दुप्पट, पावलांच्या बाहेरच्या कडा समांतर. गुडघे बाहेर रेटलेले हवेत, कारण मांड्या थकल्या की ते आत पडतात आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. चवडे बाहेर वळले की हा पवित्रा शिको-दाची होतो. गोजू-र्‍यू व शितो-र्‍यू शैलींत तो स्वतंत्र पवित्रा आहे, मात्र किबात ती चूक धरतात. सुरुवातीला ३० सेकंद पुरेत. पाठ पुढे झुकू लागली की उठून उभे राहावे. ‘तेक्की’ हे तिन्ही काता (हालचालींचे ठरावीक क्रम) याच पवित्र्यात होतात.

कोकुत्सु-दाचीत वजन मागे ७० टक्के, पुढे ३० टक्के. दोन्ही टाचा एका रेषेवर, पावले एकमेकांशी काटकोनात. इथे रुंदी नसतेच, म्हणून तोल सगळा मागच्या खुब्यावर. मागचा गुडघा त्याच पायाच्या चवड्याच्या दिशेने रेटायचा. खुबा आखडलेला असेल तर गुडघा आत येतो, नितंब बाहेर पडतो आणि धड पुढे कलते. ‘हेइआन शोदान’ या पहिल्या कातात शेवटच्या ४ हालचालींत हा पवित्रा येतो आणि नवख्यांची तारांबळ बहुधा तिथेच उडते.

पाऊल टाकताना मागचा पाय सरळ पुढे न नेता आधी उभ्या पायाच्या घोट्याजवळ आणायचा आणि मग पुन्हा बाहेर न्यायचा. फरशीवर त्याची चंद्रकोर उमटते. असे केल्याने वजन एका पायावर येईपर्यंत तोल सुटत नाही आणि रुंदीही परत मिळते. डोक्याची उंची मध्येच वाढता कामा नये. गुडघा सरळ झाला की ती वाढते. उलट दिशेला वळताना (मावात्ते) मागचे पाऊल आडवे सरकवायचे ते रुंदीच्या दुप्पट. रुंदीइतकेच सरकवले तर वळल्यावर पावले एका रेषेत सापडतात. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून सराव करू नये. अनवाणी असावे आणि फरशीच्या सांध्यांचा मापासाठी उपयोग करावा.

कराटेचे उगमस्थान असलेल्या ओकिनावा बेटावरचे जुने पवित्रे आखूड व उंच होते. शोतोकानचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले, आणि पुढच्या काळात शोतोकानमधले पवित्रे लांब व खोल होत गेले. त्यात त्यांचे पुत्र गिगो यांचा वाटा मोठा मानतात. जुनी आखूड धाटणी सान्चिन-दाचीत आजही दिसते. त्यात पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या बोटांच्या रेषेत येते, चवडे किंचित आत वळतात आणि गुडघे आत आवळलेले असतात. नेको-आशी-दाची, म्हणजे मांजरपाऊल, यात जवळजवळ ९० टक्के वजन मागच्या पायावर असते आणि पुढचा चवडा जमिनीला फक्त टेकतो. त्यामुळे त्या पायाने वजन न हलवता लगेच लाथ मारता येते.